आहेरात बीटर देताय? आधी त्याचे स्क्रू बघा!

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या दिवाळीच्या पुरवणीत "कुणाला काय भेट द्याल" असं एक पान आलं होतं, त्यात हँड मिक्सरचे, म्हणजे घराघरात ज्याला केकचं बीटर म्हणतात त्याचे, पाच-सहा फोटो होते आणि प्रत्येकाखाली किंमत आणि वॉट. संपलं. त्या पानाचा फोटो काढून माझ्या धाकट्या बहिणीने मला व्हॉट्सअपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, केळवणाला भाचीला काय देऊ म्हणून विचारत होतास ना, यातलं एक दे, पण टिकाऊ बघून दे, तू तर त्यातलाच आहेस."

त्यातला म्हणजे, मी कराडला गेली एकतीस वर्षं मिक्सर, इस्त्री, पंखे, गिझर दुरुस्त करतो. जळक्या आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या आत फिरणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा, वास घेऊन सांगतो की हा चटणीनं गेला का पुरणानं. तरी साहेब, खोटं कशाला बोलू, ते पान बघून यातलं टिकाऊ कुठलं ते मला सांगता येईना, कारण टिकाऊपणाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ३०० वॉट हे काय टिकाऊपणाचं माप झालं का? म्हणून हे पत्र लिहायला बसलो. लांबलंय मला माहितीय, कापा हवं तर, पण स्क्रूचा भाग तेवढा कापू नका.

आधी नावाचा घोळ मिटवतो, कारण निम्मे लोक इथंच फसतात. दुकानात जाऊन "मिक्सर दाखवा" म्हटलं की तो भांड्यांचा मिक्सर काढणार, "हँडचा" म्हटलं की दांड्यासारखं लांब ते हँड ब्लेंडर काढणार, मोरबीच्या घड्याळवाल्या कंपनीचं असतं ना ते, घरोघरी आहे, ताक, टोमॅटोचं सार असल्या कामाला झकास. पण त्याच्या टोकाला पातं असतं आणि पातं कापतं, हवा भरत नाही. केकला हवा भरायची असते. आपल्याला पाहिजे ते दोन तारांच्या भोपळ्यांचं, ते खरं म्हणजे आपल्या रवीचं भावंड, फक्त एकाऐवजी दोन रव्या आणि त्या एकमेकींच्या उलट्या फिरतात. आमच्या गल्लीतल्या एकानं बायकोला वाढदिवसाला मोठ्या हौसेनं हँड ब्लेंडर दिला, तिनं त्यानं अंड्याचं पांढरं फेटलं, तासभर नुसतं पाणी पाणी, मग माझ्याकडे घेऊन आला, "बंद पडलाय बहुतेक, फुगवतच नाही". चालू होता की चांगला!

आता वॉट. वॉट म्हणजे तो मिक्सर वीज किती खातो ते, काम किती करतो ते नाही. आमच्याकडे एक पैलवान यायचा, दिवसाला डझनभर अंडी खायचा आणि पोतं उचलायचं म्हटलं की कंबर धरायचा, तसंच. लहानशा आर्मेचरवर बारीक तार गुंडाळून ३०० वॉट लिहिलं तर त्यातली निम्मीअर्धी वीज नुसती गरम व्हायला जाते, आणि गरम झालं की तारेवरचं वार्निश जातं, वार्निश गेलं की शॉर्ट, मग तो ओळखीचा वास. १५० ते २०० वॉटचा नीट बांधलेला मिक्सर तसल्या ३०० वॉटवाल्याला माती चारतो, मी रोज बघतो. आणि हल्ली तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमची तार पण येते, वरून नुसता तांब्याचा मुलामा, गिऱ्हाइकाला दिसणार कुठून. बाहेरून समजायचा त्यातल्या त्यात उपाय म्हणजे हातात घेऊन बघायचं, फुलासारखा हलका लागला तर संशय घ्या. उलट फार जड पण नको, कारण तो ओट्यावर ठेवायचा नाही, हातात धरून सात-आठ मिनिटं उभं राहायचंय. दुकानात घेऊन दोन मिनिटं नुसता आडवा धरून उभे रहा, दुकानदार हसेल, हसू दे.

आत काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मोटर आपल्या मिक्सरसारखीच, कार्बनवाली. आर्मेचर फिरतं आणि त्याला दोन बाजूनं कार्बनचे दोन छोटे तुकडे स्प्रिंगनं टेकलेले असतात, त्यातून करंट जातो. कार्बन हा झिजायलाच केलेला असतो, चपलेच्या टाचेसारखा, झिजला की बदलायचा. आर्मेचरच्या शाफ्टच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, त्याला वर्म म्हणतात, आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक गिअर, त्या गिअरमध्ये आपण बीटर खोचतो. मधला एकच शाफ्ट दोन्हीकडच्या गिअरला फिरवतो म्हणून एक बीटर असा फिरतो आणि दुसरा तसा. गिअर बहुतेक सगळ्यांत नायलॉनचेच येतात आणि लगेच प्लास्टिक प्लास्टिक म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. नायलॉनचा गिअर आवाज कमी करतो, आणि बीटरमध्ये चमचा अडकला तर स्वतः मोडतो पण मोटरला वाचवतो. नाहीतर मोटर अडकून नुसती गुरगुरत राहिली की ती सगळ्यात जास्त करंट ओढते आणि अर्ध्या मिनिटात धूर. म्हणजे गिअर मोडला हे वाईट नाही साहेब, मोडलेला गिअर बाजारात मिळत नाही हे वाईट.

(गिअर बसवण्याची पण एक कला आहे. दोन्ही बीटरची पाती एकमेकांच्या मोकळ्या जागेतून फिरतात, म्हणजे चार पात्यांच्या बीटरला ४५ अंशाचा फरक ठेवूनच दात जुळवायला लागतात. एखादा दात चुकला की चालू केल्याबरोबर भांडी घासायच्या मोरीतला आवाज. माझ्याकडे कामाला होता त्या पोरानं पहिल्याच आठवड्यात एकाचे बीटर असे वाकवले, ती जोडी अजून दुकानात टांगलीय.)

आता ज्या गोष्टीवर टिकणं न टिकणं खरं अवलंबून आहे ती मिक्सरच्या पोटाखालच्या पाटीवर लिहिलेली असते, पण ती वाचतो कोण. तिथं बारीक अक्षरात "केबी ५ मिनिट" असलं काहीतरी असतं. केबी हा मूळचा जर्मन शब्दाचा शॉर्टफॉर्म आहे, अर्थ एवढाच की सलग इतकीच मिनिटं चालवा, मग बंद करून गार होऊ द्या. काहीत पाटीवर नसतं, आतल्या पुस्तकात असतं. बरं आता हिशोब करा, अर्धा-एक लिटर व्हिप क्रीम नीट ताठ व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. म्हणजे एका केकलाच तुमची मर्यादा संपली. एखाद्या पोरीनं रविवारच्या चार ऑर्डरी घेतल्या आणि एकामागं एक चार वेळा फेटलं तर मिक्सरला दम कधी मिळणार? मग माझ्याकडे येऊन म्हणतात, भाऊ दिवाळीतच घेतला होता हो. बाई, दिवाळीत घेतला पण नाताळपर्यंत त्याला बसू दिलं नाहीत.

आणि माझ्याकडे जे जळून येतात ते जास्तकरून जोरात चालवल्यानं नाही, हळू चालवल्यानं जळून येतात. हे कुणाला पटत नाही. मोटरच्या शाफ्टवरच पंखा असतो, तोच मोटरला वारा घालतो, एक नंबरवर घट्ट पीठ फिरवत बसलं की पंखा पण हळू आणि लोड मात्र पूर्ण, वारा नाही आणि उष्णता भरपूर. मिक्सरबरोबर ते पीठ मळायचे दोन आकडे येतात ना स्प्रिंगसारखे, ते बघून बायका म्हणतात चला चपातीची कणीक पण होईल. होत नाही! ते आकडे सैलसर पिठाला, पावाच्या किंवा पिझ्झाच्या थोड्याशा पिठाला ठीक आहेत, तेही दोन-तीन मिनिटं. चपातीच्या कणकेचा गोळा त्याला पेलत नाही. आकड्यांचं अजून एक, बऱ्याच मॉडेलमध्ये एका आकड्याला कॉलर असते आणि तो एकाच भोकात बसतो, जबरदस्तीनं उलटा घातला की गिअरचं भोक फाटतं. दरवर्षी दोन-चार येतात तसे.

आपल्याकडे बीटर म्हणजे नुसता केक असंही नाही, म्हणून तर भेट म्हणून मला ते आवडलं. दहीवड्याचं उडदाचं वाटलेलं पीठ यानं तीन मिनिटं फेटा, थेंब पाण्यात टाकला की तरंगतो, वडा कापसासारखा. नानकटाईला तूप आणि पिठीसाखर पांढरी होईपर्यंत फेटायची असते, आमची आई परातीत तळहातानं फेटायची आणि दुसऱ्या दिवशी खांदा धरून बसायची. आठवड्याच्या सायीचं लोणी पाच मिनिटात वर येतं. श्रीखंडाला मात्र वापरू नका, चक्का पातळ होतो, पुरणयंत्रच बरं, हे माझं मत, बहिणीला मान्य नाही. आणि क्रीम फुगत नाही म्हणून मिक्सरला शिव्या घालण्याआधी क्रीम बघा, दुकानात टेट्रापॅकमध्ये साधं फ्रेश क्रीम मिळतं त्यात फॅट २५ टक्के, फुगायला ३० च्या वर पाहिजे, शिवाय क्रीम आणि भांडं दोन्ही फ्रीजमधलं गारेगार पाहिजे. मे महिन्यात भर दुपारी स्वयंपाकघरात उभं राहून ते होणार नाही, कितीही वॉट आणा.

आता स्क्रू. मी काय केलं, त्या पानावरची सगळी मॉडेलं आणि अजून दोन-तीन, दुकानात जाऊन उलटी करून बघितली. गिऱ्हाईक बटणं बघतं, रंग बघतं, मी स्क्रू शोधत होतो. ज्या मिक्सरला खालून साधे चौफुली स्क्रू दिसतात तो उघडायला सोपा, म्हणजे कार्बन बदलता येतो, ग्रीस भरता येतं, आत उडालेला मैदा झाडता येतो (मैदा हवेच्या फटीतून आत जातो आणि ग्रीसमध्ये मिसळून त्याची लापशी होते, त्यानं पण गिअर झिजतो). काहींचे स्क्रू स्टिकरखाली नाहीतर रबरी बुचाखाली लपवलेले असतात, तेही चालेल. पण काहींना तीन पाकळ्यांचे विचित्र स्क्रू, ज्याचा पाना साध्या मेकॅनिककडे नसतो, आणि काहींना स्क्रूच नाहीत, दोन अर्धी खोबणीत दाबून बसवलेली, उघडायला गेलं की कानच तुटतात. असा मिक्सर कितीही भारी कंपनीचा असू दे, तो बनवतानाच ठरवलंय की हा एकदाच मरणार. माझ्या लेखी टिकाऊ म्हणजे जो बंद पडत नाही तो नव्हे, बंद पडत नाही असं यंत्र एकतीस वर्षात मी बघितलं नाही, टिकाऊ म्हणजे जो बंद पडल्यावर उघडता येतो आणि ज्याचा माल मिळतो.

मालाचं पण बघितलं. तीन कंपन्यांच्या हेल्पलाइनला फोन लावले, नावं लिहीत नाही, उगाच कशाला. साधं गिऱ्हाईक म्हणून विचारलं की ह्या मॉडेलची बीटरची जोडी, गिअरचा सेट आणि कार्बन मिळतील का आणि कितीला. पहिल्या ठिकाणी वीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि मग ताई म्हणाल्या, सर वॉरंटीत असेल तर पूर्ण युनिट बदलून मिळेल. वॉरंटी संपल्यावर? तर म्हणाल्या, नवीन मॉडेलवर डिस्काउंट आहे सर. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले बीटर मिळतील, गिअर नाही. तिसऱ्या ठिकाणचा माणूस बहुतेक स्वतः मेकॅनिक होता, त्यानं गिअरची किंमत सांगितली, कार्बनची सांगितली, वर विचारलं "कुठून बोलताय, साताऱ्याच्या सेंटरला पाठवून देऊ का". मी तिथंच ठरवलं. साहेब, हा फोन खरेदीच्या आधी करायचा असतो, आपण करतो बंद पडल्यावर. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातं.

एक जुनी गोष्ट आठवली. आपल्या महाराष्ट्रात, मुंबईला, माधुरी माथुर म्हणून बाई होत्या, त्यांचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणघाटणानं जळाला आणि इथं कुणाला दुरुस्त करता येईना. त्यांचे मिस्टर सत्यप्रकाश माथुर इंजिनियर, त्यांनी मग आपल्या स्वयंपाकाला झेपेल असा मिक्सरच बनवायला घेतला आणि १९६३ साली तो सुमीत नावानं बाजारात आला. पुढं किती घरात गेला ते सांगायला नको, माझ्याकडे आजही चाळीस चाळीस वर्षांचे सुमीत येतात, कार्बन घाल, बुश घाल, परत सुरू. म्हणजे आपला देशी मिक्सर जन्मालाच आला तो दुरुस्त होईना म्हणून. आणि आज आपण परत तिथंच येऊन उभे आहोत, युनिट बदला.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २४ डिसेंबर २०२२ ला राष्ट्रीय ग्राहक दिनाला केंद्र सरकारनं राइट टू रिपेअर म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल चालू केलं, कंपन्यांनी त्यावर दुरुस्तीची माहिती, स्पेअरची माहिती द्यायची अशी कल्पना. चांगली आहे. पण फ्रान्समध्ये २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन असल्या काही वस्तूंच्या शेजारी दुकानातच दहापैकी मार्क लावायची सक्ती सुरू झाली, ही वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, त्यात स्पेअर मिळतात का आणि कितीला हे पण धरलं. आपल्याकडे पाकिटावर कुकिंगची तीन भाषेत पुस्तिका, चार रेसिपी, एका गोऱ्या बाईचा फोटो, आणि गिअर मिळेल का ते कुठंच नाही.

भेट देणाऱ्यांसाठी अजून एक, आणि ही चूक आपण सगळेच करतो. आहेर देताना आपण किंमतीचं स्टिकर नखानं खरवडून काढतो आणि बिल खिशात ठेवतो. किंमत दिसायला नको, बरोबर आहे, रीत आहे आपली. पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि वर्षभरानं भाचीनं फोन करून "मामा बिल आहे का" असं विचारायचं कुणाच्या जिवावर येतं, ती विचारत नाही, गप मिक्सर माळ्यावर टाकते. असे माळ्यावरचे नवेकोरे मिक्सर मी किती बघितले असतील. तर बिल बंद पाकिटात घालून खोक्याच्या तळाशी ठेवा आणि पाकिटावर लिहा "बंद पडल्यावर उघडणे". वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का आणि तारीख तिथंच घ्या, नंतर या म्हणतो तो, नंतर कोण जातंय. ऑनलाइन घेतलं तर बिलाची प्रिंट काढा, मोबाइलमधलं बिल मोबाइलबरोबर जातं.

आणि ज्याला भेट मिळाली त्यानं असं समजू नये की पैसे मी दिले नाहीत तर तक्रार कशी करू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकत घेणाराच नाही तर त्याच्या संमतीनं ती वस्तू वापरणारा पण ग्राहक धरलाय. घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या मुलींनी तर हे जरूर वाचावं, वॉरंटी कार्डात "फक्त घरगुती वापरासाठी" असं लिहिलेलं असतं आणि सर्व्हिस सेंटरवाला चार केकचे फोटो बघून म्हणतो हा कमर्शियल वापर झाला. कार्डातली अट अट म्हणून राहते, ती आधी वाचा, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, ती व्यापारी म्हणून बाहेर पडत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखालचा सीएम-एलचा, म्हणजे परवान्याचा, नंबर बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकून बघा, खरा का खोटा ते तिथं समजतं, मी दुकानात उभ्या उभ्या बघितला तर दुकानदारानं मला चहा पाजला, त्याला वाटलं मी इन्स्पेक्टर आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना हात जोडून एक विनंती. प्रेमानं आणता, कळतंय, पण तिकडची वीज १२० व्होल्ट आणि आपली २३०. पिना बदलायचा तो ॲडॉप्टर नुसत्या पिना बदलतो, व्होल्ट बदलत नाही. मागच्या गणपतीत न्यू जर्सीवरून आलेला एक लाल चकचकीत मिक्सर माझ्याकडे आला, सुरू केला तेव्हा म्हणे विमानासारखा आवाज आला आणि मग धूर. वापर किती, तर चार सेकंद. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो पण तो ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड आणि ओट्यावर ठेवायला जागा नाही. दुबईवरून आणलेला चालतो, तिथं व्होल्ट आपल्यासारखेच, फक्त पिना जाड. पण गिअरचं काय? परत तिथंच आलो.

दुकानात चालू करून बघता येतोच, आणि दाखवत नसेल तर दुसरं दुकान. एक नंबरवर लावा, एकदम झेप घेतली तर तो मैदा उडवणार, हळूच सुरू झाला पाहिजे. बीटर फिरताना डोलतात का बघा, थोडंसं हललं तर चालतं, लंगडत असेल तर भोकं ढिली आहेत. मागच्या फटीतून निळ्या ठिणग्या बारीक बारीक दिसतात, ते कार्बनचं नॉर्मल आहे, पण गोल चक्रासारखी आग दिसली तर ठेवून द्या. वायर किती लांब आहे ते बघा, माझ्या भाचीच्या सासरी ओट्यावरचा प्लग फ्रीजच्या मागं आहे हे मी साखरपुड्यालाच बघून ठेवलं होतं. दोन पिनांचीच वायर असेल तर घाबरू नका, पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ती डबल इन्सुलेशनची, त्याला अर्थिंगची पिन लागत नाही. बाकी टर्बो, बारा स्पीड, डिजिटल आकडे ह्याला मी तरी पैसे देणार नाही, जितकं जास्त आत घालतील तितकं जास्त बिघडायला.

आणि हो, जी पोरगी खरंच रोज सात-आठ केक करते तिला हँड मिक्सर देऊच नका, कितीही चांगला. चारजणांनी वर्गणी काढून ओट्यावर ठेवायचा स्टँडचा मिक्सर द्या. हँड मिक्सर हा घरचा, हौसेचा, आठवड्याला दोन-तीन वेळचा गडी.

माझी भाची सध्या हौसेतली आहे. तिला मी त्या तिसऱ्या हेल्पलाइनवाल्या कंपनीचा घेतला, पांढरा, पाच स्पीडचा, खाली चार साधे स्क्रू, दिसायला अगदी सरकारी. बहीण म्हणाली लाल नव्हता का रे. बरोबर गिअरचा एक सेट आणि कार्बनची जोडी आधीच मागवून खोक्यात ठेवली, बिलाचं पाकीट तळाशी. आणि बीटर काय नुसतं द्यायचं म्हणून एक उभट खोलगट स्टीलचं पातेलं घेतलं, क्रीम बाहेर उडू नये म्हणून तसलंच लागतं. भांड्यांच्या दुकानात त्यानं सवयीनं विचारलं, नाव घालू का? आमच्या घरात आईच्या लग्नातल्या आहेराची भांडी अजून आहेत, कुणाकुणाची नावं, तारखा, टिंबटिंबाच्या अक्षरात, ती देणारी माणसं कधीच गेली, पातेली वापरात आहेत. म्हटलं घाल, भाचीचं नाव, मामाकडून, आणि तारीख. नाव घालायचं मशीन हातात होतंच तर तो मिक्सरकडे बघून म्हणाला, ह्याच्यावर पण घालू?

मी म्हटलं थांब, ह्याच्यावर दहा वर्षांनी घालू.

पुढच्या दिवाळीला असं पान करणार असाल तर किंमत आणि वॉटच्या शेजारी अजून तीन रकाने करा साहेब, सलग किती मिनिटं चालतो, उघडता येतो का, गिअर-कार्बन कितीला मिळतो. फोन करायला तुमच्याकडे माणूस नसेल तर मी करतो, दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतं.

आपला,
एक मिक्सरवाला, कराड
(नाव छापू नका, स्पेअर पार्टवाले ओळखतात मला.)